गणिताचा कट्टा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी दुपारी गावातल्या वाचनालयाच्या ओट्यावर आम्ही गणिताचा कट्टा भरवतो. गाव नाशिक जिल्ह्यातलं, तालुक्याचं. शाळेतली मुलं येतात, त्यांना सोडायला आलेले आईबाप थांबतात, दोन-तीन निवृत्त मंडळी पेपर वाचता वाचता मधेच नाक खुपसतात. आसपासच्या शाळांतले शिक्षक अधूनमधून फोन करून विचारतात, की असं काही आमच्याकडे सुरू करायचं तर कसं? तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी स्वतः सत्तावीस वर्षं गणित शिकवलं. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं वाईट शिकवलं, हे आधीच कबूल करून टाकतो.

कट्टा म्हणजे शिकवणी का?

नाही. गृहपाठ घेत नाही, मार्क वाढवून देत नाही, फी नाही. एका दुपारी एकच प्रश्न घेतो. तो सुटला तर सुटला, नाही तर पुढच्या शनिवारी तिथूनच पुढे.

पहिल्या दिवशी काय घ्यावं? मुलं कंटाळली तर पुन्हा येणार नाहीत.

जन्मसाल घ्या. ते प्रत्येकाकडे असतं आणि बहुतेकांचं वेगळं असतं.

समजा साल १९८६. यातले चार अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९८६१, चढत्या क्रमाने १६८९. वजाबाकी ८१७२. आता ८१७२ चे अंक घेऊन पुन्हा तेच: ८७२१ वजा १२७८, आले ७४४३. पुढे ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि सहाव्या वजाबाकीला ६१७४. सातव्यांदा करून बघा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी तिथेच थांबते.

वहीत एकट्याने केलं तर ही नुसती वजाबाकी आहे. पण ओट्यावर वीस जण वेगवेगळी सालं घेऊन बसलेले असतात. मिनिटभराने कोणीतरी पुटपुटतं, “माझं ६१७४ वर अडकलं.” शेजारचा म्हणतो, “माझंपण!” तिसऱ्याचं येत नाही, कारण त्याची हातच्याची चूक झालेली असते. ती आपण सांगावी लागत नाही, तो स्वतःच शोधायला लागतो. वजाबाकीचा एवढा सराव मी वर्गात छडी हातात असतानाही करून घेऊ शकलो नव्हतो.

दोन खाचखळगे. चारही अंक सारखे असलेली संख्या चालत नाही, ११११ वजा ११११ शून्यच. आणि उत्तर तीन अंकी आलं तर पुढचं शून्य टाकायचं नाही. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९ नव्हे, ०९९९ लिहायचं. मग ९९९० वजा ०९९९ असं पुढे जातं. मुलं हे शून्य हमखास गाळतात. गाळू द्या. “शून्य लिहून काय फरक पडतो, सर?” हा प्रश्न त्यांच्याच तोंडून यायला हवा.

पण हे प्रत्येक वेळी होतं? की जादूचा प्रयोग आहे?

प्रत्येक वेळी होतं, आणि जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत. जादू नाही. का, हे आठवी-नववीच्या मुलांना पूर्ण पटवता येतं.

सगळ्यांत मोठा अंक आणि सगळ्यांत लहान अंक यांतला फरक घ्या, त्याला ९९९ ने गुणा. मधल्या दोन अंकांतला फरक घ्या, त्याला ९० ने गुणा. दोन्हींची बेरीज म्हणजे तुमची वजाबाकी. १९८६ मध्ये पहिला फरक ८, दुसरा २. ७९९२ आणि १८० मिळून ८१७२. जमलं. म्हणजे उत्तर फक्त या दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९ मधला काहीही, आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असूच शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर भरतात ५४. चार अंकी ९,९९० संख्या (०००१ सारख्या धरून) एका फटक्यात ५४ उत्तरांवर येतात! आणि ५४ तर हाताने तपासता येतात.

आम्ही ते एकदा शाळेच्या मैदानावर केलं. ५४ मुलांच्या गळ्यात ५४ पाट्या. ज्याने त्याने आपली वजाबाकी करायची आणि जे उत्तर येईल त्या पाटीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. पाच-दहा मिनिटं नुसता गोंधळ, ओरडाआरडा. मग हळूहळू मैदानावर झाड उभं राहिलं. बुंध्याशी ६१७४ ची पाटी घातलेली मुलगी. तिच्या खांद्यावर थेट तीनच हात: ८५३२, ८३५२ आणि ४१७६. बाकी सगळे त्या तिघांच्या मागे फांद्या-फांद्यांनी. तिला स्वतःचा हात स्वतःच्याच खांद्यावर ठेवावा लागला, आणि मला वाटतं त्या दुपारचं तेच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

हे कोणी शोधलं?

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. फर्ग्युसनचे विद्यार्थी, १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. ६१७४ त्यांना १९४९ साली सापडला. आपल्याकडच्या मोठ्या गणितज्ञांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही, बरंचसं लेखन त्यांनी पदरमोड करून छापलं. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लोकप्रिय सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभर नाव झालं. १९८६ मध्ये ते गेले. वरच्या उदाहरणातलं साल तेच आहे.

२०२५ साल उजाडलं तेव्हा आम्ही कट्ट्यावर पेढे वाटले. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. ४५ सारख्या संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. ५५ चंही तसंच: वर्ग ३०२५, ३० अधिक २५ बरोबर ५५. म्हणजे पुढचे पेढे ३०२५ साली.

देवळाली आमच्यापासून फार लांब नाही. शाळामास्तराने हे केलं, ही गोष्ट शिक्षकांना सांगताना मी मुद्दाम जरा जास्त रंगवतो.

मुलांनी विचारलं आणि शिक्षकालाच उत्तर आलं नाही तर?

ही खरी भीती. बाकीची सगळी कारणं, वेळ नाही, साहित्य नाही, वर्ग मोठा आहे, ती या भीतीवर पांघरलेली असतात. माझ्यावरही होती, म्हणून ओळखतो.

६१७४ चा खेळ पहिल्यांदा घेतला त्या दिवशी सहावीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, पाच अंकी घेतली तर कुठे थांबेल?” मी ठोकून दिलं, की थांबेल कुठेतरी, तीन अंकी ४९५ वर थांबते, चार अंकी ६१७४ वर, तशीच पाच अंकीची एक असणार. ती घरी गेली. सोमवारी वही घेऊन आली. ५३९५५ वरून ५९९९४, आणि ५९९९४ वरून परत ५३९५५. झोपाळाच! तिच्या मैत्रिणीने दुसरी संख्या घेतली होती, ती चौघांच्या फेऱ्यात सापडली: ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ आणि पुन्हा ६१९७४. पाच अंकींना एकच एक मुक्काम नाही. मी वर्गासमोर चुकलो होतो.

त्या दिवसानंतर त्या वर्गातली मुलं माझ्याशी वेगळं बोलायला लागली. “माहीत नाही, बघू या” हे वाक्य मी तेव्हापासून वापरतो. फक्त ते खोटं म्हणू नका. उत्तर माहीत असताना न कळल्याचं सोंग आणलं तर मुलांना लगेच कळतं.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचं?

आठवड्याला एक तास जास्तीचा मागू नका, मिळणार नाही. जो धडा चालू आहे त्याचाच प्रश्न फिरवा. “३६ आणि ४८ चा लसावि काढा” याऐवजी “लसावि १४४ येईल अशा जोड्या किती?” धडा तोच, तास तोच. आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. मी घड्याळ लावून बघितलं होतं: प्रश्न विचारून दोन-तीन सेकंदांत मीच उत्तर देऊन टाकत होतो. जीभ आवरायला मला वर्ष लागलं.

मोठ्या माणसांना गणितात गोडी कशी लावायची? ते तर “आमचं काय आता” म्हणतात.

त्यांच्या तोंडात आधीपासून असलेल्या आकड्यावरून. आमच्याकडे तो आकडा १०८९.

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. हे जमिनीचे व्यवहार करणारा झोपेतही सांगतो. आता कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, पहिला आणि शेवटचा अंक वेगळा हवा. ७३२ घेऊ. उलटी करा, २३७. मोठीतून लहान वजा करा, ४९५. तीही उलटी करा, ५९४. दोन्हींची बेरीज १०८९. दुसरी कोणतीही घ्या, गुंठाच येतो. (वजाबाकी ९९ आली तर ०९९ लिहायचं, इथेही ते शून्य.)

एका शेतकरी काकांनी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ते जागचे हललेच नाहीत. म्हणाले, “मास्तर, हे मोजणीवाल्याने ठरवून केलंय?” नाही. ३३ फूट ही इंग्रजांच्या ६६ फुटी साखळीची निम्मी लांबी, तिचा या खेळाशी काही संबंध नाही. खेळामागचं कारण वेगळं: उलटसुलट वजाबाकी नेहमी ९९ च्या पाढ्यात पडते, आणि ०९९, १९८, २९७, ३९६ या सगळ्यांत मधला अंक ९ आणि कडेच्या दोघांची बेरीज ९. मग उलटवून मिळवल्यावर एककाला ९, दशकाला १८, शतकाला ९. झाले १०८९.

मग गुंठ्याचा पाढा लिहायचा, एकाखाली एक: १०८९, २१७८, ३२६७, ४३५६, ५४४५, ६५३४, ७६२३, ८७१२, ९८०१. उभे स्तंभ वाचा. पहिला चढतो, दुसराही चढतो, तिसरा आणि चौथा उतरतात. पहिली ओळ उलटी केली की शेवटची. चौथी ओळ ४३५६, तिच्यावर एक शून्य चढवलं की ४३,५६० चौरस फूट, म्हणजे चाळीस गुंठ्यांचा एकर. आणि शेवटची ९८०१ म्हणजे ९९ चा वर्ग. ९८ अधिक ०१ किती? कापरेकर इथेही भेटतात.

यातूनच कामाची गोष्टही निघाली. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि बोलताना सगळे “आर म्हणजेच गुंठा” म्हणतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. गुंठ्यापेक्षा बारा-तेरा चौरस फुटांनी कमी. दोन हेक्टर, म्हणजे २०० आर जमिनीत हा फरक दोन गुंठ्यांच्या वर जातो. हे फळ्यावर मांडलं त्या शनिवारी मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त होती.

आज्या येतात का?

येतात, पण “मला मेलीला गणित कुठलं” म्हणत कडेला बसतात. त्यांना रांगोळीबद्दल विचारा.

ठिपक्यांच्या रांगोळीत “पंधरा ते आठ” म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, मग दोन्ही बाजूंना एकेक कमी करत ८ पर्यंत. एकूण ठिपके किती? एक आजी बोटांवर मोजत, डोळे मिटून, १६९ म्हणाल्या. तोवर नववीतला मुलगा वहीत १५ अधिक दोनदा ७७ असं मांडत होता.

मग लहानापासून सुरू करायचं. नुसता एक ठिपका: १. तीन ते दोन: ७. पाच ते तीन: १९. सात ते चार: ३७. आता या मिळवत चला. १ आणि ७ म्हणजे ८. त्यात १९ मिळवा, २७. त्यात ३७, झाले ६४. एक, आठ, सत्तावीस, चौसष्ट हे घन आहेत! सपाट अंगणातल्या ठिपक्यांची बेरीज ठोकळे कशी रचते?

हे आम्ही सांगत नाही. साखरेचे चौकोनी खडे देतो. ६४ खड्यांचा चार बाय चारचा ठोकळा रचायचा आणि त्याचा एक कोपरा नाकासमोर धरून बघायचं. दिसणारा आकार षटकोनी असतो, रांगोळीसारखाच. कोपऱ्याला लागून असलेल्या तीन बाजूंचे खडे काढले तर ३७ निघतात आणि मागे तीन बाय तीनचा, २७ चा ठोकळा उरतो. एकेक साल सोलत गेल्यासारखं. मला स्वतःला हे कळलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. साखर मुंग्या लागायच्या आत संपवावी.

पाढे पाठ करायला लावावेत का, की ती जुनी पद्धत सोडून द्यावी?

लावावेत. “बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा” याला जी चाल आहे ती फुकट घालवण्यात शहाणपण नाही. आमच्या आधीच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी येत होती. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा म्हणणारं पोर आज दाखवा! अपूर्णांकांची भीती त्या लोकांना नसायची, कारण अपूर्णांक त्यांना चालीवर भेटलेला असायचा.

पण पाठ झाल्यावर तिथेच थांबू नका. एका लाकडी फळीवर वर्तुळात दहा खिळे ठोका, ० ते ९ आकडे घाला. आता तीनच्या पाढ्यातल्या प्रत्येक उत्तराचा फक्त एककाचा अंक घ्या: ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ०. त्या क्रमाने खिळ्यांवरून सुतळी फिरवा. दहा टोकांची चांदणी होते. दोनच्या पाढ्याचा पंचकोन होतो, चारच्या पाढ्याची पाच टोकांची चांदणी, पाचची नुसती एक रेघ. मग सातचा करायला सांगा. हुबेहूब तीनचीच चांदणी, फक्त सुतळी उलटी फिरते. आठची दोनसारखी, सहाची चारसारखी. “सर, बेरीज दहा आली की जोडी जमते!” हे वाक्य ऐकण्यासाठी मी ती फळी अजून सांभाळून ठेवली आहे.

मराठी संख्यावाचनच अवघड आहे, म्हणून मुलं मागे पडतात, हे खरं का?

अर्धं खरं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला “वीस एक” अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. आपण लिहितो आधी दशक आणि म्हणतो आधी एकक. बावन्न ऐकून २५ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. कानडीत एकवीसला “इप्पत्तोंदु” म्हणजे सरळ वीस-एक. सीमाभागातल्या मुलांना हा फरक विचारा, तीच समजावून सांगतील.

माझं मत असं, की लहान मुलाला आधार म्हणून वीस-एक जरूर द्या, पण जुनी नावं काढून घेऊ नका, कारण ती स्वतःच एक कोडं आहेत. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव: यात “दोन” कुठेच नाही, सगळीकडे “ब” आहे. तो कुठला? पाढ्यातला “बे”. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस म्हणजे एकाने उणे. ती माळ एकोणनव्वदपर्यंत नीट चालते आणि शेवटच्या मण्याला तुटते: एकोणशंभर नाही, नव्याण्णव. हे अपवाद शोधायला दिले की तिसरीतलं पोरही भाषेचं आणि गणिताचं पुस्तक एकदम उघडून बसतं.

अबॅकस आणि वैदिक गणिताच्या क्लासला घालावं का?

ऐपत असेल आणि मुलाला मजा येत असेल तर घाला. पण भरभर हिशेब करणं म्हणजे गणित, असा समज मात्र घरात आणू नका. हळू विचार करणाऱ्या मुलाचं त्यात फार नुकसान होतं.

“वैदिक” म्हणून शिकवल्या जाणाऱ्या युक्त्या वेदांत सापडत नाहीत. त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. युक्त्या वाईट नाहीत. ९७ गुणिले ९६: शंभराला ३ कमी आणि ४ कमी. ९७ मधून ४ वजा, ९३. तीन चोक बारा. उत्तर ९३१२. छान. पण क्लास इथे संपतो आणि आमचा कट्टा इथे सुरू होतो: का जमलं? ८८ गुणिले ८७ ला १२ आणि १३ चा गुणाकार १५६ येतो, तो दोन घरांत कसा बसवायचा? बीजगणितातला कंस सोडवणं कशासाठी असतं, हे काही मुलांना पहिल्यांदा इथेच कळतं.

गणिताला गोष्टीत घालून सांगणं हा बाहेरून आलेला प्रकार आहे का?

भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, लीलावती लिहिली ती श्लोकांत, आणि त्यात हंस आहेत, भुंगे आहेत, साप-मोर आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. त्यात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे आपल्या खानदेशातच.

त्यातलं एक गणित आम्ही अंगणात आखून करतो. नऊ हात उंच खांब, बुडाशी सापाचं बीळ, वर मोर. साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे निघालाय. मोर तिरपा झेपावतो, दोघांचा वेग सारखा. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? पायथागोरसचं सूत्र यायच्या आधी मुलं दोरी घेऊन, पुढे-मागे सरकून, १२ हातांवर येतात. मोराचं तिरपं अंतर १५, सापाचंही १५.

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी आणि वेळ मोजायच्या घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट १५८७ साली अकबराच्या दरबारातल्या फैजीने केलेल्या फारसी भाषांतरात येते, मूळ ग्रंथात नाही. सांगा, पण दंतकथा म्हणून सांगा.

सामान काय लागतं?

खडू, सुतळी, चिंचोके, जुनी कॅलेंडरं. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी हे अरविंद गुप्तांनी लोकप्रिय केलेलं साहित्य तर सोन्यासारखं: काड्यांचा त्रिकोण हलत नाही, चौकोन लगेच कलतो, छपराच्या कैचीत त्रिकोणच का असतात ते पोराला हातात कळतं. महागडी गणितपेटी बऱ्याच शाळांत कपाटात कुलूपबंद असते, कारण हरवली तर भरून कोण देणार!

२२ डिसेंबरला, गणित दिनाला, शाळेत काय करावं?

रामानुजन यांच्या फोटोला हार घालून, दोन भाषणं ऐकून मुलं घरी जातात. त्याऐवजी पटांगणात सहा टेबलं मांडा, प्रत्येकावर एक कोडं, आणि टेबल सांभाळायला सातवीतली मुलं. पालकांना कोडं घालणारं पोर ते कोडं आदल्या रात्री दहा वेळा सोडवून आलेलं असतं. १४ मार्चलाही, म्हणजे पाय (π) दिनाला, हेच, फक्त थाळ्या, वाट्या आणि मोजायची टेप.

माझ्या मुलीला गणित आवडतच नाही. काय करू?

तिच्यासमोर “मलाही कधी जमलं नाही” म्हणणं आजपासून बंद करा. ती चुकली तर रबर काढून घ्या. चुकीचं उत्तर वहीत राहू द्या. आणि एखादं कोडं तुम्हाला सुटत नसेल तर तिच्याकडे मदत मागा. बाकी मला ठाऊक असलेला उपाय नाही.

घरी न्यायला एखादा प्रश्न द्या.

कापरेकरांचाच घ्या. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ घेतली तर २३ अधिक ५, जन्माला आली २८. म्हणजे २३ ही २८ ची आई. आता उलटं विचारा: २० ची आई कोण? शोधा, सापडणार नाही. अशा बिनआईच्या संख्यांना देवळाली संख्या असंही नाव आहे, कट्ट्यावर आम्ही त्यांना स्वयंभू म्हणतो.

शंभराच्या आत त्या तेराच आहेत: १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. वीसपासून पुढे अकराअकराच्या ढांगा. पुढची १०८, तीही बरोबर अकरावर. मग मुलं न तपासताच ११९ लिहून मोकळी होतात. पण ११९ ची आई आहे, १०९. आणि १०८ नंतरची स्वयंभू येते लगेच दोन घरांवर, ११०. १०८ पाशी ढांग का चुकली, हे आमच्या ओट्यावर गेले तीन शनिवार चाललंय.